लखोबा लोखंडे आणि लेडी ईव्ह

फसवणुकीवर जगणारा माणूस कथेचा नायक व्हावा आणि त्याच्या प्रेमप्रकरणात प्रेक्षकाने त्याचीच बाजू घ्यावी, हे वरवर पाहता नीतीला सोडून वाटते. तरीही हॉलिवूडने १९३० नंतरची तीन-चार दशके ठकसेनांच्या प्रेमकथा सातत्याने पडद्यावर आणल्या, त्यांत त्या काळातील सर्वांत लोकप्रिय नटनट्यांना घेतले, आणि त्यांतील निवडक चित्रपट आज ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही जुने वाटत नाहीत. मराठीत १९६२ साली ठकसेनावरचे एक नाटक रंगभूमीवर आले, त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि त्याचे नाव रोजच्या बोलण्यात रुळले. पण आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात लग्ने अनेक असली तरी प्रेमकथा मात्र एकही नाही. खोटे नाव, खोटा हुद्दा, गोड बोलणे आणि समोरच्याच्या मनातली इच्छा अचूक ओळखण्याची हातोटी ही सामग्री दोन्हीकडे सारखीच असताना तिकडे तिच्यातून प्रणय उभा राहिला आणि इकडे खटला, असे का झाले, या प्रश्नाचा माग काढल्यास ठकसेनाचे आकर्षण नेमके कशात आहे आणि ते कोठे संपते, हे बरेच स्पष्ट होते.

ठकसेन हा चोर आणि दरोडेखोर यांच्यापासून वेगळा असतो, कारण तो काहीच हिसकावून घेत नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ४१५व्या कलमात फसवणुकीची जी व्याख्या होती, तिचा गाभा असा की, फसवला गेलेला माणूस खोट्या समजुतीमुळे आपली वस्तू आपल्याच हाताने दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ४१९वे कलम तोतयेगिरीचे, म्हणजे आपण दुसरेच कोणी असल्याचे भासवून केलेल्या फसवणुकीचे होते, आणि सर्वांच्या तोंडी असलेले ४२०वे कलम फसवून मालमत्ता उकळण्याचे होते; १ जुलै २०२४ पासून हे गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या ३१८ आणि ३१९ या कलमांत गेले आहेत. ज्याच्या हातून वस्तू सुटते त्याची संमती मिळवणे हीच या धंद्यातली खरी विद्या. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थाला अटक झाली. तो रस्त्यात चांगल्या पोशाखातल्या माणसाशी जुन्या ओळखीचा आव आणून बोले आणि मग उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्याकडे विश्वासाने ठेवाल का, असे विचारी. काही लोक खरोखरच ठेवत. पुढे डेव्हिड मॉरर या भाषाशास्त्रज्ञाने १९४० साली अमेरिकन ठकसेनांच्या धंद्यावर आणि बोलीवर पुस्तक लिहिले, त्यात लहान डाव आणि लांब डाव असे दोन प्रकार सांगितले आहेत. लहान डावात सावजाच्या खिशात त्या वेळी असेल तेवढेच हाती लागते. लांब डावात त्याला आधी थोडा नफा करून दिला जातो, त्याचा लोभ वाढवला जातो, भाड्याच्या खोल्यांत खोटी कचेरी, खोटे कारकून आणि खोटे गिऱ्हाईक उभे केले जाते, आणि मग त्याला घरी पाठवून मोठी रक्कम आणवली जाते. अशा डावाला संहिता लागते, पात्रे लागतात, नेपथ्य लागते आणि तालीमही लागते. नाटक आणि चित्रपट यांना ठकसेन इतका जवळचा का वाटावा, याचे पहिले कारण येथे सापडते, कारण तो त्यांच्याच कलेचा माणूस असतो, फक्त आपण नाटक पाहत आहोत हे त्याच्या प्रेक्षकाला माहीत नसते.

या कलेचे प्रेमात रूपांतर कसे होते, हे अर्न्स्ट ल्युबिच या जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या दिग्दर्शकाने १९३२च्या ‘ट्रबल इन पॅराडाइज’ या चित्रपटात जितके नेमके दाखवले तितके नंतर फार थोड्यांना जमले. व्हेनिसमधल्या एका हॉटेलात गॅस्टन आणि लिली हे दोघे रात्रीच्या जेवणासाठी भेटतात. हर्बर्ट मार्शलने रंगवलेला गॅस्टन सरदार म्हणून वावरत असतो, तर मिरियम हॉपकिन्सची लिली उमराव घराण्यातली स्त्री म्हणून, आणि दोघेही असतात पक्के चोर. जेवता जेवता दोघांना एकमेकांचा संशय येतो आणि ते शांतपणे तो बोलून दाखवतात. मग तिने मारलेले पाकीट तो परत घेतो, तिच्या पोशाखावरून आपण काढलेली पिन परत देतो, ती त्याचे घड्याळ काढून देते आणि ते मागे पडत होते म्हणून आपण वेळ लावून ठेवल्याचेही सांगते, आणि शेवटी तिच्या पायातला मोज्याचा पट्टाही आपल्याचकडे असल्याचे तो दाखवतो, तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडते. या प्रसंगात प्रेम कशामुळे जुळले, हे नीट पाहिले पाहिजे. रूप, संपत्ती आणि घराणे ही तीनही नेहमीची कारणे येथे बाद झालेली आहेत, कारण घराणे खोटे, संपत्ती चोरलेली आणि रूप हे तर धंद्याचे हत्यार. उरते ते कौशल्य, आणि त्या कौशल्याची खरी किंमत जाणणारे जगात एकच माणूस, ते समोर बसलेले. जन्मभर सर्वांपासून जे लपवावे लागले ते एका माणसासमोर उघडे पडते आणि तरीही तो पळून जात नाही, हा दिलासा कोणत्याही प्रेमकथेचा कळस असतो. ल्युबिचने तो पहिल्या काही मिनिटांतच गाठला.

पुढे गॅस्टन पॅरिसमध्ये सुगंधी द्रव्यांच्या कंपनीची मालकीण मादाम कोले हिचा चिटणीस होतो, तिला लुटण्याच्या बेतात असतानाच तिच्याकडे ओढला जातो, आणि लिलीच्या मत्सराने डाव डळमळू लागतो. के फ्रान्सिस या नटीने रंगवलेली कोले श्रीमंत आहे, उदार आहे, आणि शेवटी सत्य कळल्यावरही ती त्याला पोलिसांच्या ताब्यात न देता जाऊ देते. तिच्याच कंपनीच्या संचालक मंडळाचा प्रतिष्ठित अध्यक्ष वर्षानुवर्षे कंपनीचे पैसे खात असतो, हेही गॅस्टनच उघड करतो, आणि समाजात मान असलेल्या चोराला तुरुंगाची भीती नसते हे त्याला तेव्हा चांगलेच कळते. १९२९च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यानंतर बँका बुडालेल्या आणि लाखो माणसे बेकार झालेली असताना अमेरिकन प्रेक्षक हा चित्रपट पाहत होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. ज्यांच्या हाती देशाची तिजोरी होती त्यांनीच विश्वासघात केला असे वाटणाऱ्या प्रेक्षकाला निदान उघडपणे चोर असलेला माणूस अधिक प्रामाणिक वाटला, तर त्यात नवल नाही.

हा मोकळेपणा फार टिकला नाही. अमेरिकन चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेने १९३० साली एक आचारसंहिता स्वीकारली होती, जिला संघटनेचे प्रमुख विल हेज यांच्या नावाने ओळखले जाते. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाईल असे काहीही दाखवू नये, हा तिचा एक मुख्य नियम होता. जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली तिची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली, ‘ट्रबल इन पॅराडाइज’ पुन्हा प्रदर्शित करण्यास १९३५ साली परवानगी नाकारली गेली, आणि तो चित्रपट पुढे कित्येक वर्षे लोकांना पाहायला मिळाला नाही. लेखक-दिग्दर्शकांनी यातून जी वाट काढली ती या चित्रपटप्रकाराला अनपेक्षित खोली देणारी ठरली. गुन्हेगाराला शिक्षा तर व्हायलाच हवी, आणि नायक-नायिका तुरुंगात गेली तर प्रेमकथा संपते. म्हणून प्रेमालाच शिक्षेचे काम देण्यात आले. १९३६च्या ‘डिझायर’मध्ये मार्लिन डीट्रिचची मोत्यांचा हार लांबवणारी चोरटी गॅरी कूपरच्या साध्याभोळ्या इंजिनिअरच्या प्रेमात पडून हार परत करते, १९४०च्या ‘रिमेंबर द नाइट’मध्ये बार्बरा स्टॅनविकने रंगवलेली दुकानातून दागिना उचलणारी स्त्री, सरकारी वकिलावर प्रेम जडल्यामुळे, सुटण्याची संधी असूनही गुन्हा कबूल करते. फसवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला खरे बोलावेसे वाटू लागणे हीच त्याची सजा. संहितेच्या जाचातून जन्मलेला हा उपाय मूळ मोकळ्या चित्रपटांपेक्षाही माणसाच्या मनाच्या अधिक जवळ गेला, असे म्हणणे भाग आहे.

प्रेस्टन स्टर्जेस यांचा ‘द लेडी ईव्ह’ हा १९४१चा चित्रपट या वाटेवरचा सर्वांत उंच टप्पा आहे, आणि मराठी वाचकाला तो विशेष ओळखीचा वाटावा असा आहे. जीन हॅरिंग्टन ही आपल्या वडिलांबरोबर आगबोटींवर पत्त्यांत लबाडी करून श्रीमंत उतारूंना लुटणारी तरुणी, तर चार्ल्स पाइक हा मद्याच्या कारखानदाराचा मुलगा, सापांचा अभ्यासक आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून नुकताच परतलेला अत्यंत सरळ माणूस. स्टॅनविकची जीन त्याला जाळ्यात ओढता ओढता स्वतःच अडकते आणि त्याला वाचवण्यासाठी पत्त्यांच्या डावात प्रत्यक्ष बापाशी लबाडी करते. पण तिने सत्य सांगण्याआधीच हेन्री फोंडाच्या चार्ल्सला ते बाहेरून कळते आणि तो तिला झिडकारतो. तेव्हा ती सूड म्हणून त्याच्याच घरच्या मेजवानीला ईव्ह या नावाची इंग्रज उमरावकन्या बनून जाते. वेश बदललेला नसतो, चेहरा लपवलेला नसतो, केस रंगवलेले नसतात. चार्ल्सचा नोकर जीव तोडून सांगत राहतो की ही तीच बाई आहे. पण चार्ल्सचा युक्तिवाद असा की, ही जर तीच असती तर तिने निदान थोडा तरी वेश बदलला असता, आणि ज्या अर्थी ती हुबेहूब तीच दिसते त्या अर्थी ती ती नव्हेच. विद्वान आणि प्रेमात होरपळलेला माणूस स्वतःला कसा फसवून घेतो, याचे इतके अचूक चित्रण क्वचितच झाले असेल. शेवटी तो पुन्हा आगबोटीवर जीनच्या मिठीत येतो तेव्हाही ईव्ह कोण होती, हे त्याला ठाऊक नसते. ते फक्त तिला, प्रेक्षकाला आणि त्या नोकराला ठाऊक असते.

आता निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे होते आणि प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा, दिवाकर दातार, दाजीशास्त्री दातार, कॅप्टन अशोक परांजपे आणि राधेश्याम महाराज अशी एकाच माणसाची पाच रूपे उभी केली. नाटकाला आधार होता तो माधव काझी या प्रत्यक्षातल्या ठकसेनाच्या प्रकरणाचा. रचना कोर्टाची आहे. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, त्याची हकिकत रंगमंच फिरून प्रत्यक्ष दिसू लागते आणि पुन्हा रंगमंच फिरला की आरोपी शांतपणे नाकबूल करायला उभाच असतो. फिरत्या रंगमंचाची ही योजना केवळ चमत्कृतीसाठी नव्हती. भूतकाळातला देखणा वर आणि वर्तमानातला आरोपी यांच्यात क्षणभराचेच अंतर राहिल्यामुळे प्रेक्षकाला पहिल्याची मोहिनी आणि दुसऱ्याची निर्ढावलेली नजर एकाच दमात अनुभवावी लागे. पाच नावांकडे पाहिले तरी अत्रे यांची पकड कळते. सैन्यातला हुद्दा, शास्त्राची विद्या, महाराजांचा अध्यात्माचा अधिकार आणि व्यापाऱ्याचा पैसा अशा, त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाला ज्यांच्यापुढे मान तुकवावीशी वाटे त्या सर्व प्रतिष्ठा त्यांनी एकाच माणसाच्या अंगावर एकामागून एक चढवल्या. लखोबाने लोकांना फसवले ते त्यांच्या आदरस्थानांच्या आधाराने.

या माणसावर प्रेक्षकांनी जीव टाकला, यात शंका नाही. पणशीकर (१९३१–२०११) यांची ओळख जन्मभर लखोबाशी जोडली गेली आणि त्यांनी आत्मचरित्राचे नावही ‘तोच मी’ असे ठेवले. प्रेक्षागृहातला हशा आणि टाळ्या लखोबाच्या हजरजबाबीपणाला मिळत, सरकारी वकिलाला नव्हे. कौशल्याचे आकर्षण येथेही तेच आहे. गॅस्टन आणि लिली यांना एकमेकांविषयी जे वाटले ते लखोबाविषयी प्रेक्षकाला वाटते. पण हॉलिवूडच्या ठकसेनाला कथेत कोठे तरी मुखवटा उतरवण्याची वेळ येते आणि त्या क्षणासाठीच सारी कथा रचलेली असते, तर अत्रे यांनी तो क्षण ठरवून नाकारला. लखोबापुढे एकामागून एक स्त्रिया उभ्या राहतात, ज्यांच्याशी त्याने सप्तपदी केली आणि संसार मांडला, आणि त्यांतील कोणाहीकडे पाहून त्याचा चेहरा हलत नाही. अभिनयामागे माणूसच उरलेला नाही, ही या नाटकातली खरी भीती आहे. हसता हसता ती प्रेक्षकाच्या अंगावर येते, आणि म्हणून हे नाटक विनोदी असूनही हलके होत नाही.

अत्रे यांना प्रेमाची किंवा सोंगाची गंमत कळत नव्हती असे मुळीच नाही. ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ सालच्या ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ त्यांनीच मराठीत आणली, आणि तिच्यात पुरुषाने बाईचे सोंग घेऊन साऱ्यांना बनवण्याचा खेळ ते अगदी मनमोकळेपणाने रंगवतात. तेथे सोंगामुळे कोणाचे काही जात नाही, उलट अडलेली लग्ने जुळतात. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ या १९८८च्या चित्रपटातही, जो हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर आधारलेला आहे, चार तरुण मित्रांपैकी दोघे बायकांच्या वेशात राहतात ते पुण्यात भाड्याची जागा मिळावी म्हणून, आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना फसवल्याची टोचणी त्या चौघांच्या मनात असते. अशोक सराफ यांचा धनंजय माने आणि अश्विनी भावे यांची माधुरी यांचे प्रेम या खोटेपणाच्या सावलीत फुलते आणि प्रेक्षकाला त्यात काहीच खटकत नाही. या दोन्ही कृतींची तुलना लखोबाशी केली की निकष हाती येतो, आणि तो गुन्हा मोठा की लहान हा नव्हे, तर फसवणुकीची किंमत कोण भरतो हा आहे.

मादाम कोले हिला काही लाखांचा तोटा परवडतो आणि चार्ल्स पाइकचा बाप कारखानदार असतो. त्यांच्या नुकसानीने कोणाच्या घरातली चूल विझत नाही. १९५५च्या ‘टू कॅच अ थीफ’मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांनी कॅरी ग्रँटला निवृत्त चोर केले, म्हणजे गुन्हा भूतकाळात ढकलला, आणि १९६६च्या ‘हाउ टू स्टील अ मिलियन’मध्ये ऑड्री हेपबर्नची नायिका संग्रहालयातून जी मूर्ती पळवते ती तिच्याच घरची असते आणि तीही नकली, तेव्हा तोटा कोणाचाच होत नाही. हिंदी चित्रपटानेही हा हिशेब फार बारकाईने सांभाळला. बॉम्बे टॉकीजच्या १९४३च्या ‘किस्मत’मध्ये अशोककुमारचा शेखर हा सराईत चोर असूनही नायक आहे, आणि गुन्हेगाराला मोहक केल्याबद्दल त्या काळी या चित्रपटावर टीका झाली, पण तो ज्या धनिकाच्या घरात चोरी करतो त्याचाच तो हरवलेला मुलगा निघतो, त्यामुळे चोरलेला माल अखेर घरातच राहतो. राज कपूर यांच्या १९५५च्या ‘श्री ४२०’मध्ये मात्र शंभर रुपयांत घर देण्याच्या आमिषाने फसवले जातात ते फुटपाथवर झोपणारे लोक, आणि म्हणूनच नर्गिसने रंगवलेली विद्या नायकाला तोपर्यंत माफ करत नाही जोपर्यंत तो त्या गरिबांच्या बाजूने उभा राहून मोठ्या ठकांचा डाव उधळत नाही. गरिबाच्या पैशावर प्रणय उभा राहू शकत नाही, ही त्या चित्रपटाची ठाम भूमिका होती.

लखोबाच्या बायकांनी भरलेली किंमत तर पैशात मोजताच येत नाही. ठरवून केलेल्या लग्नात मध्यस्थ, नातेवाइकांमार्फत चौकशी, कुळगोत्राची विचारणा आणि पत्रव्यवहार ही सारी व्यवस्था मुळात तोतयाला रोखण्यासाठीच असते, आणि ठकसेन नेमका तिचाच उपयोग करतो, कारण एका प्रतिष्ठित माणसाची शिफारस मिळाली की पुढची चौकशी करणे लोकांना अपमानाचे वाटू लागते. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला, १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभर आली, आणि पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्यास दंड संहितेच्या ४९५व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवलेली होती. पण दुसरे लग्न कायद्याने शून्य ठरले की फसवलेली स्त्री पत्नीही राहत नाही, आणि १९६० च्या सुमाराच्या समाजात तिला पुन्हा कुमारिकाही कोणी मानत नव्हते. अशा नुकसानीच्या साक्षी ऐकत असताना आरोपीच्या अंतःकरणात प्रेम शोधायला लावणे हा साक्षीदारांचा अपमान झाला असता, हे अत्रे यांनी ओळखले. त्यांच्या कलादृष्टीचा हा विवेक त्यांच्या विनोदाइतकाच मोठा मानला पाहिजे.

मराठी मनाला ही दृष्टी परकी नव्हती, कारण महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला तोतया हाही एका स्त्रीच्या दुःखाशी बांधलेला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईत सदाशिवरावभाऊ मारले गेले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ते कधी मान्य केले नाही आणि त्या सौभाग्यचिन्हे बाळगून राहिल्या. त्याच सुमारास उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून प्रकटला. चौकशीत तो तोतया ठरून रत्नागिरीकडे कैदेत पडला, १७७६ साली तेथून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतले आणि हजारो माणसे गोळा केली, आंग्र्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पार्वतीबाई त्यानंतर काही वर्षांनी, १७८३ साली वारल्या. न. चिं. केळकर यांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. राज्याला हवा असलेला सेनापती आणि पत्नीला हवा असलेला पती या दोन्ही इच्छा खऱ्या होत्या आणि तोतयाने त्या दोन्हींवर आपली इमारत उभी केली. हॉलिवूडच्या हाती हे कथानक लागले असते तर तोतया पार्वतीबाईंच्या प्रेमात पडला असता, हे सांगायला फार कल्पना लागत नाही. मराठी परंपरेने मात्र सहानुभूती वाट पाहणाऱ्या स्त्रीसाठी राखून ठेवली.

फसवणुकीची किंमत कोण भरतो, हा प्रश्न किनवटसारख्या ठिकाणाहून विचारला की अधिक धारदार होतो. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा जंगलाळ तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि त्या दिवशी तो नांदेड जिल्ह्यात, मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी लखोबाची मराठीभाषक निपाणी म्हैसूर राज्यात गेली. सीमेवरच्या अशा बाजारगावांत दोन-तीन भाषा बोलणारे, कोठून कोठून आलेले व्यापारी, सावकार आणि नोकरदार एकत्र येतात, प्रत्येकाच्या मूळ गावची माहिती इतरांना नसते, आणि कागद ज्याला वाचता येतो त्याच्या हाती मोठी सत्ता जाते. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास केला, तेव्हा कर्ज, दस्तऐवज आणि अंगठ्याचा ठसा यांच्या मार्गाने आदिवासींच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या नावावर कशा जातात, हे त्याने नोंदवले. महाराष्ट्राने पुढे १९७४ सालचा, अनुसूचित जमातींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा केला, जो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरणांना लागू होतो. गोंड, कोलाम आणि आंध यांच्या वस्त्यांना ठाऊक असलेला ठकसेन हा देखणा नव्हता आणि त्याच्या हातचलाखीचे कौतुक वाटावे अशीही ती गोष्ट नव्हती. अशा प्रदेशातल्या प्रेक्षकाला गॅस्टनची कथा आवडणार नाही असे नाही; ती आवडते, कारण तिच्यात निदान एकदा तरी श्रीमंत लुटला जातो. पण लखोबाच्या कोर्टात हा प्रेक्षक साक्षीदारांच्या बाकावर बसतो, आणि तेथून पाहिल्यावर आरोपीचा हजरजबाबीपणा वेगळाच दिसतो.

अमेरिकन चित्रपटातून ठकसेनांचा प्रणय पुढे ओसरला तो वेगळ्या कारणाने. १९७३ साली ‘द स्टिंग’मध्ये पॉल न्यूमन आणि रॉबर्ट रेडफर्ड यांनी मॉररने वर्णन केलेला लांब डाव, खोट्या कचेरीसह, जशाचा तसा पडद्यावर उभा केला, पण आता खुद्द प्रेक्षकालाच फसवणे हे चित्रपटाचे उद्दिष्ट झाले होते आणि त्यात स्त्रीला जवळजवळ जागाच उरली नाही. प्रेक्षकाला बनवण्याचा आनंद मोठा असतो. तथापि जीन हॅरिंग्टन आपल्याच बापाच्या हातातले पत्ते निकामी करते तेव्हाचा आनंद त्याच्यापेक्षा वरच्या प्रतीचा आहे, कारण तेथे कौशल्य प्रथमच दुसऱ्याच्या हितासाठी खर्ची पडते.

आज विवाहजुळणीच्या संकेतस्थळांवर खोटे छायाचित्र, परदेशातल्या नोकरीचे खोटे पत्र आणि महिनोन्महिने चालणारे गोड संभाषण यांच्या आधारे जी फसवणूक होते ती मॉररच्या लांब डावाचीच पुढची आवृत्ती आहे, आणि तिच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फसवले गेलेले अनेक जण लाजेमुळे तो फिरवत नाहीत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचे धैर्य अत्रे यांच्या नाटकात किती मोलाचे आहे, हे यावरून कळावे. या प्रकरणात आलेल्या कृतींपैकी ज्यांना दोनच पाहता येतील त्यांनी आधी ‘द लेडी ईव्ह’ पाहावा आणि लगेच ‘तो मी नव्हेच’ची संहिता वाचावी, आणि वाचताना लखोबाच्या उत्तरांवर जितके लक्ष जाते तितकेच प्रत्येक साक्षीदार स्त्रीच्या पहिल्या वाक्यावर द्यावे.